भेंडीचं कवच

सून आपल्या बायकोच्या जिवावर उठली आहे, असं ईश्वरा चौगलेच्या मनानं घेतलं ते एका बुधवारी सकाळी. तोपर्यंत तो सुनेवर नुसता चिडलेला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर चिपाडांची गंजी होती. तिच्याआड उभं राहून त्यानं पाहिलं, सानिकानं आधी दाराकडे नजर टाकली, मग पिठाच्या डब्यामागून एक पाकीट काढलं, त्यातली दोन चमचे पांढरी पूड पेल्यात घालून ढवळली आणि तो पेला शालनच्या हातात दिला. शालन मुकाट्यानं प्यायली. पाकीट परत डब्यामागं गेलं. साठीच्या पुढचा माणूस स्वतःच्याच घराच्या खिडकीशी चोरासारखा उभा राहिलेला काही बरा दिसत नाही. पण ईश्वराला त्याची लाज वाटली नाही. उलट, आपली नजर अजून शाबूत आहे याचा त्याला अभिमानच वाटला.

नजर हीच त्याची विद्या. भोगावती नदीच्या काठी त्याचं गुऱ्हाळ होतं आणि त्या गुऱ्हाळाचा गुळव्याही तोच. उसाचा रस काहिलीच्या मोठ्या कढईत कधी उतू येणार, मळी कधी काढायची, पाक कुठल्या क्षणी निववायला वाफ्यात ओतायचा, हे सांगायला त्याला यंत्र लागत नसे. मुलानं, विश्वजीतनं, काहिलीच्या काठाला तापमान दाखवणारा पडदा बसवला होता. ईश्वरा त्याच्यावर टोपी अडकवत असे.

तर या नजरेला गेले पंधरा दिवस काहीतरी खुपत होतं. शालनला साखरेचं दुखणं जुनं. दंडावर रुपयाएवढी टिकली चिकटवलेली होती, ती रक्तातली साखर मोजून घरातल्या फोनवर आकडा पाठवत असे. सकाळ-दुपार जेवणाआधी इन्सुलिनचं पेन टोचायचं आणि ते काम सानिकाचं. ती औषधशास्त्र शिकलेली होती. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं आणि आता मात्र खाऊनपिऊन तासाभरात फोन बोंबलायला लागे. साठ. पंचावन्न. शालन घामाघूम होऊन भिंतीला टेकलेली. पंधरा दिवसांत चार वेळा.

खाल्ल्यावर साखर वाढते, घसरत नाही, एवढं गुळव्यालाही कळतं. पेनाच्या पडद्यावर डोस बरोबर दिसत होता, आठ म्हणजे आठ. मग चोरून दुसरं काही दिलं जात असणार. आणि कारण? कारण ईश्वराकडे तयार होतं. दिवाळीत सानिकानं कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नोकरी धरायची म्हटलं होतं आणि शालननं साफ मोडता घातला होता. दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एकदा संशय मनात शिरला, की प्रत्येक गोष्ट त्याच्याच बाजूनं साक्ष द्यायला उभी राहते. आता तर पांढरी पूडच सापडली होती.

तो तसाच आत गेला. सानिका इन्सुलिनच्या पेनाला नवी सुई लावत होती.

"ते पेन हिकडं दे," तो म्हणाला.

"मामा, आत्तींच्या इंजेक्शनची वेळ झालीय." त्यांच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्ती.

"म्हणूनच. आजपास्नं मी टोचणार. तिचं खाणंपिणंबी मीच बघणार. तू तिच्या ताटाला हात लावायचा न्हाई."

सानिकाचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं?"

"ते तुझं तुला ठावं."

शालन आतून म्हणाली, "अवो, पोरीला काय बी बोलू नका. ती हाय म्हणून माझं निभतंय."

हे ऐकून ईश्वराला बायकोची कीवच आली. सानिकानं पेन त्याच्या हातात ठेवलं. मग जमिनीकडे बघत ती म्हणाली, "एक ऐका. आठ दिवस आत्तींना गूळ देऊ नका."

याहून वाईट वाक्य तिला सापडलं नसतं. ईश्वराच्या बायकोला नावं ठेवली तर तो एक वेळ ऐकून घेईल, पण गुळाला?

"माझ्या गुळाचं नाव काढलंस तर याद राख," तो म्हणाला आणि पेन खिशात घालून बाहेर पडला.

गुळाबद्दल तो इतका हळवा का होता, हे सांगायला जरा मागं जावं लागेल.

घरटी एकाला साखरेचं दुखणं झालं, तेव्हापासून गुळाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. काठावरची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत होती. चार वर्षांपूर्वी एका कंपनीचे इंगवले नावाचे साहेब एक पुडी घेऊन आले. पुडीत होतं एक विकर, म्हणजे एन्झाइम. साखरेचा प्रत्येक रेणू ही एक जोडी असते, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. आपलं आतडं ती जोडी तोडतं, ग्लुकोज रक्तात जातं आणि तिथून दुखणेकऱ्याची पंचाईत सुरू होते. हे विकर काय करतं, तर जोडी तोडून ग्लुकोजला ग्लुकोज जोडत जातं, एकामागून एक, आणि त्याची लांबलचक साखळी बनवतं. ती साखळी आतड्याला तुटत नाही. कोंड्यासारखी आली तशी निघून जाते. कोमट रसात पुडी टाकून दोन तास ठेवायची. अर्धीअधिक साखर साखळ्यांत अडकते. मग नेहमीसारखा गूळ करायचा. गोडी राहते, धोका निम्मा होतो. या गुळाला त्यांनी नाव दिलं मंदगूळ आणि बघता बघता सगळी दुखणेकरी घरं पुन्हा गूळ खाऊ लागली.

"ही भानगड गुळात उतरली तर? माणसाच्या पोटात जाऊन साखळ्या करीत बसायची," ईश्वरानं तेव्हा विचारलं होतं.

इंगवले हसले. "काका, उकडलेल्या अंड्यातनं पिल्लू निघतं का? हे विकर म्हणजे घडी घातलेलं प्रथिन आहे. काहिलीच्या आचेनं ती घडी उलगडली की ते मेलं."

ते खरंच होतं. पण पुडीचे नखरे फार. चार अंशांच्या थंडीत ठेवायची, वीज गेली की नासणार. रसात टाकली की गुठळ्या होणार. गेल्या हंगामात शीतपेटी बिघडून तीन खोकी वाया गेली आणि ईश्वरानं मनाशी ठरवलं, की कंपनीचं शहाणपण पुरे झालं, आता आपलं चालवायचं.

गुळव्याचं स्वतःचं शहाणपण भेंडीत असतं. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात कुस्करलं की बुळबुळीत चिकट पाणी निघतं. ते उकळत्या रसात ओतलं की सगळी घाण त्या चिकटपणाला धरून मळी होऊन वर येते आणि खाली रस सोन्यासारखा निवळतो. किती भेंडी, किती पाणी, किती वेळ, हे प्रत्येक गुळव्याचं गुपित. बाप ते मुलाला सांगतो, पण स्वतः काहिलीवरून उतरल्यावरच. ईश्वरा अजून उतरला नव्हता, म्हणून विश्वजीतलाही काही ठाऊक नव्हतं.

या हंगामाच्या सुरुवातीला त्यानं कंपनीची पुडी घट्ट भेंडीच्या पाण्यात कालवली. गुठळ्या झाल्या नाहीत. मग ते कालवण परातींत पातळ पसरून चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, मागच्या भिंतीवर ठेवलं. तिथं हात टेकवेल इतपत धग कायम असते. चार दिवसांत तांबूस पापड्या झाल्या. कुटून डब्यात भरल्या. ना शीतपेटी, ना नासधूस. आणि गंमत म्हणजे पुडीपेक्षा पापडी भारी निघाली, निम्म्यात काम होऊ लागलं. त्याच्या गुळाचा बोलबाला झाला. दुखणेकरी सांगू लागले, की चौगल्यांचा मंदगूळ खाल्ला की साखर वाढत नाही एवढंच नव्हे, दिवसभर ताब्यात राहते. इंगवले म्हणाले, "काका, तुमच्या हाताला गुण आहे." ईश्वरा नुसता मिशीत हसला.

असा हा गूळ. तो शालनला देऊ नको म्हणणारी पोरगी एक तर अडाणी असणार किंवा कावेबाज, आणि ती अडाणी नव्हती.

गुरुवार गेला. शालनची साखर दुपारी साठावर आली, पण सावरली. ईश्वराला वाटलं, आदल्या दिवसाची पूड अजून अंगात असेल.

शुक्रवारी दुपारी त्यानं शालनला गुऱ्हाळाच्या सावलीत बसवलं. डॉक्टरांच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे आठाचा डोस स्वतःच्या हातानं टोचला. घरातली भाकरी सानिकानं थापलेली, तेव्हा ती नकोच. त्यानं ओंजळभर भाजलेले शेंगदाणे आणले आणि कालच फोडलेल्या रव्याचा एक खडा. रवा म्हणजे गुळाची ढेप. मंदगूळच तो, म्हणून खडा जरा मोठाच घेतला. शालननं कौतुकानं खाल्ला. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा ईश्वरा समोर बसून तिच्याकडे बघत होता.

अर्ध्या तासानं फोन वाजला. अठ्ठावन्न.

शालनच्या कपाळावर घाम फुटला. "शिवा," ती म्हणाली, "बैल सोड रं." शिवा तिचा भाऊ. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

ईश्वराला नियम पाठ होता. साखर घसरली की तोंडात साखर, दहा मिनिटांत माणूस सावध. त्यानं चहाच्या डब्यातली दोन चमचे साखर तिच्या तोंडात घातली. तिनं कशीबशी गिळली. त्यानं फोनकडे पाहिलं. चोपन्न. आणखी दोन चमचे. एक्कावन्न. त्यानं साखरेचं दाट पाणी केलं आणि घोट घोट पाजलं. सत्तेचाळीस.

साखरेतही काही मिसळलंय की काय? त्यानं चिमूट स्वतःच्या जिभेवर टाकली. गोड होती. साधी, रोजची, गोड साखर. आणि त्याच्या डोळ्यांदेखत आकडा उतरत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याची नजर बघत होती आणि त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो घाबरला.

घरातल्या फोनवरही तोच आकडा गेला होता. सानिका धावत आली. तिच्या हातात ते पाकीट होतं.

ईश्वरा मधे उभा राहिला. "लांब हो! ती पूड तिला द्यायची न्हाई!"

"मामा, सरका."

"तूच केलंस हे समदं!"

"सरका म्हणते ना! न्हाईतर आत्ती जातील आनी तुमी राखणच करत बसशीला!" असं म्हणून तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो चिपाडांवर जाऊन पडला. सानिकानं पूड थेंबभर पाण्यात कालवली, शालनला कुशीवर वळवलं आणि ते कालवण बोटानं तिच्या गालाच्या आत चोळायला लागली. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. पंचेचाळीस. पंचेचाळीस. पन्नास. ईश्वरा पडल्या जागेवरून बघत राहिला. बासष्ट झाले तेव्हा शालननं डोळे उघडले. पंच्याऐंशीला तिनं विचारलं, "हे असे का बसलेत?"

पाकीट ईश्वराच्या पायाशी पडलं होतं. त्यानं उचलून वाचलं. ग्लुकोज.

शालनला घरात नेऊन निजवलं, डॉक्टर येऊन बघून गेल्या, तेव्हा तो सानिकाजवळ आला. "साखरेनं का न्हाई उठली ती? ही बी साखरच की."

"न्हाई मामा. साखर म्हंजे जोडी. ही पूड म्हंजे सुटं ग्लुकोज, तोडायला कायच न्हाई." ती दमली होती, पण सावकाश सांगत होती. "चारी वेळा मी तेच बघितलं. साखर दिली की काय फरक न्हाई, ग्लुकोज दिलं की आत्ती सावध. म्हंजे साखर पोटात पोचती, पर रक्तात जायच्या आधी तिला कोनतरी खातंय. जोडी तोडून ग्लुकोज लपवून ठेवतंय. असं करणारी एकच वस्तू आपल्या घरात येते."

"पुडी."

"आपल्यात खायला गेल्या साली केलेला जुना गूळ होता. तो संपला आनी या हंगामातला रवा फोडला, त्याच दिवसापास्नं हे चालू झालं. डोस गूळ धरून ठरवलेला. गुळातली साखर रक्तात गेलीच न्हाई, तर ते आठ अंगावर येणारच."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"कुणी सांगायचं?" सानिका म्हणाली. "पाकीट तरी कशाला लपवलं? साखरेच्या बाईला गोड देतीस म्हणून मागं तुमी ओरडलाय म्हणून."

ते ओरडणं ईश्वराला आठवलं. पण गुळावरचा आळ त्याला अजून मानवत नव्हता. शनिवारी सकाळी त्यानंच तीन पेल्यांत साखरेचं पाणी केलं. एकात आपल्या गुळाचा खडा टाकला. दुसऱ्यात नदीच्या वरच्या अंगाच्या गुऱ्हाळातला, त्याच कंपनीच्या पुडीनं केलेला मंदगूळ. तिसरा पेला नुसताच. तिन्ही पेले झाकून उन्हात ठेवले आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसून राहिला. कुणी हात लावू नये म्हणून म्हणे.

दिवस कलताना त्यानं तिसऱ्या पेल्यात बोट बुडवलं. पाणी. दुसऱ्यात बुडवलं. पाणीच. मग पहिल्यात बुडवून वर काढलं आणि त्याच्या बोटामागून एक तार निघाली. बारीक, चकाकती, वीतभर लांब. हा चिकटपणा त्याच्या ओळखीचा होता. ऊस तोडून चार दिवस पडला की रसाला अशीच तार सुटते. त्यातही साखरेच्या अशाच साखळ्या असतात. असा रस आला तर ईश्वरा गाडीवानाला शिव्या देऊन परत पाठवत असे. आज शिव्या द्यायला समोर कुणी नव्हतं.

विश्वजीत भडकला. "कंपनीनं पुडीच खराब दिली! आबा, आपण गप बसायचं. उद्या इंगवल्याला बोलावतो आनी समदं त्याच्या गळ्यात घालतो."

"वरच्या गुऱ्हाळातबी तीच पुडी हाय," सानिका म्हणाली. "तिथं मेली. मग आपल्याच काहिलीत कशी जगली?"

दोघांनी ईश्वराकडे पाहिलं. तो पेले धुवायला घेऊन गेला. तसं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

रविवारी इंगवले आले. विश्वजीतनं आवाज चढवला, त्यांनीही चढवला. पुडीच्या सगळ्या चाचण्या झालेल्या आहेत, तुमच्या गुऱ्हाळात आच कमी पडली असणार, अशी बोलाचाली चालली होती. ईश्वराला काही करायचं नव्हतं. गप्प राहिला असता तरी भांडण कंपनी आणि मुलगा यांच्यातच संपलं असतं आणि त्याचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. तो उठला.

"चला माझ्यासंगट," तो म्हणाला. त्यानं इंगवले, विश्वजीत आणि सानिका अशा तिघांना चुलवाणाच्या मागं नेलं आणि पराती दाखवल्या.

इंगवल्यांनी एक पापडी उचलली, मोडली, वास घेतला. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. "भेंडीचं पाणी? आणि किती दिवस वाळवलं? चार? धग साधारण किती?" ते खाली बसले. "काका, तुम्ही काय करून ठेवलंय तुम्हाला माहीत आहे का? भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजेसुद्धा साखरांच्या साखळ्याच. विकरासोबत मंद धगीवर वाळवल्या की साखळीचं टोक प्रथिनाला पक्कं चिकटतं. भाकरीचा पापुद्रा तांबूस होतो ना, तीच क्रिया. मग विकराच्या सगळ्या अंगावर साखळ्यांचं कवच होतं. आच लागली तरी आतली घडी उलगडत नाही. पोटातलं आम्ल पोचत नाही. काहिलीत शंभरातली नव्वद मेली तरी दहा जगतात आणि तेवढी पुरतात. आमची माणसं सहा वर्षं हे कवच बनवायला धडपडताहेत."

"म्हंजे माझ्या हातानं झालं," ईश्वरा म्हणाला.

"तुमच्या हातानं शोध लागलाय! एक गोळी घेतली की सहा तास खाल्लेली साखर अंगीच लागणार नाही, एवढं मोठं औषध होईल यातून. फक्त दोन महिने कुणाशी बोलू नका. नोंदणी होऊ द्या. तुमचं नाव घालू आम्ही."

"आनी गेलेला गूळ?"

"तो काय, खाऊन संपेल. इन्सुलिन घेणारे त्यात असून असून किती असणार?"

"माझी बायको हाय."

"त्या बचावल्या. तुमच्या सूनबाईंच्या लक्षात आलं." इंगवल्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "बाकीच्यांना तर कळणारही नाही कशामुळं झालं ते."

कळणारही नाही. ईश्वरा या शब्दांशी अडखळला. कळलं नाही की माणूस काय करतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. घरात जवळचं कोण, ते शोधतो. विशेषतः बाहेरून आलेली कोण, ते.

"साहेब, चहा झालाय न्हवं? मग आता निघा," तो म्हणाला.

विश्वजीतनं खूप समजावलं. नाव जाईल, गुऱ्हाळ जाईल, आणि आबा, पिढ्यान्पिढ्यांचं गुपित जगजाहीर होईल. ईश्वरानं त्याला एवढंच विचारलं, "गुळाच्या खोक्यावरचा तो ठिपक्यांचा चौकोन फोननं टिपला की गिऱ्हाईकाला माझा फोटो दिसतो म्हणालावतास. त्याच वाटेनं माझा आवाज त्यास्नी जातो का?"

जात होता. ज्या ज्या घरानं तो चौकोन टिपला होता, त्या साडेनऊ हजार फोनवर. विश्वजीतनं तोंड वाकडं करूनच फोन समोर धरला. ईश्वरानं टोपी सरळ केली.

"मी ईश्वरा चौगले, गुळव्या. या हंगामातला माझा मंदगूळ कुनी खाऊ नका, जनावरांस्नीबी घालू नका. पुडी भेंडीच्या पाण्यात वाळवायची अक्कल माझी, कंपनीला म्हाईत नव्हती. तुमच्यात कुनाची साखर घसरली तर साध्या साखरेनं माणूस उठणार न्हाई. ग्लुकोज द्या आनी दवाखाना गाठा. हे माझ्या सुनेनं शोधलं. मी तिच्यावरच आळ घेतला, माझी बायको मारतीस म्हणून. ती खरी हुती, मी खोटा." एवढं बोलून त्याला पुढं काही सुचेना. "झालं," तो म्हणाला.

सानिका दारात उभी होती. आत जाऊन तिनं शालनच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायला घेतले आणि मधेच पदरानं डोळे पुसले.

दुपारपासून फोन यायला लागले. काहींनी शिव्या दिल्या, त्या ईश्वरानं ऐकून घेतल्या. काहींना पैसे परत हवे होते, ते विश्वजीतकडे गेले. एका बाईनं तुमचा गूळ छान आहे, आम्ही खाणारच, असं ठणकावलं. तिच्याशी तो दहा मिनिटं भांडला. इंगवल्यांचे चार फोन आले, ते त्यानं उचललेच नाहीत.

पाचच्या सुमाराला बार्शीकडचा एक नंबर वाजला. पलीकडचा माणूस आधी बोलेचना.

"बोला की," ईश्वरा म्हणाला.

"तुमचं बोलनं ऐकलं." आवाज तरण्या माणसाचा होता. "आमच्यात तुमचाच गूळ होता. आई इन्सुलिनवर होती माझी. परवा तेरावा झाला तिचा."

ईश्वरा खाटेवर बसला.

"मी रानात होतो. घरी बायको एकटीच. ती म्हनाली, आईला घाम आला म्हनून सहा चमचे साखर चारली. मी म्हनलं, खोटं बोलतीस. साखर चारली असती तर आई उठली असती, आजवर दर येळी उठलीय. तूच बघत बसलीस. भावकीसमोर बोललो. हातबी उचलला. ती माहेरी गेलीय, पोरीला घिऊन. मला एकच सांगा. तिनं साखर चारली आसंल का?"

अंगणातून विश्वजीत काहीतरी विचारत होता, ईश्वरानं हात वर करून त्याला गप्प केलं.

"चारली आसंल," तो म्हणाला. "ती खरं बोलत होती, बाबा."

पलीकडे तो माणूस रडायला लागला. मोठ्यानं, लहान मुलासारखा नव्हे, तर रडायची सवय नसलेला माणूस रडतो तसा, ओकारी आल्यासारखा. ईश्वरानं फोन ठेवला नाही. तो रडायचा थांबेपर्यंत कानाला लावून बसून राहिला. मग त्यानं विचारलं, "तिचं माहेर कुठल्या गावाला?"

माणसानं गाव सांगितलं.

"उद्या सकाळी मी तिथं येतो. तू बी ये. तिच्या आईबापासमोर मी सांगतो काय झालं ते."

फोन ठेवून तो वळला. सानिका मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी पण येते, मामा," ती म्हणाली.